कोकणातील प्रजासमाजवादी पक्ष : एक स्मरण

ज्ञातीच्या स्मरणिकेत एका राजकीय पक्षाचा इतिहास कशासाठी, असे काही बांधव विचारतील. निवडणूक आली म्हणजे ‘आपल्या ज्ञातीचा उमेदवार कोण?’ अशी पृच्छा अलीकडे आमच्या बैठकींतही होऊ लागली आहे; म्हणूनच हे चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५२ साली समाजवादी पक्ष व किसान मजदूर प्रजा पक्ष एक होऊन प्रजासमाजवादी पक्ष जन्मास आला. झोपडी ही त्याची निशाणी. महाराष्ट्रात एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्यासारखे नेते त्यास लाभले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष समितीबरोबर उभा राहिला आणि १९५७ साली वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅ. नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९६२ साली राज्यात काँग्रेसची सरशी झाली, तरी राजापूरने त्यांनाच निवडले. १९६७ सालीही तेच घडले.

१८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै बेळगाव येथे निवर्तले. वय अवघे ४८. निवडणूक तोंडावर आलेली. पक्षाने उभे केले प्रा. मधु दंडवते यांना. जन्म अहमदनगरचा, पेशा मुंबईत पदार्थविज्ञान शिकविण्याचा. त्या निवडणुकीत साऱ्या देशात पक्षाचे दोनच उमेदवार विजयी झाले. त्यांतील एक राजापूरचा! त्याच वर्षी पक्ष विलीन झाला, पुढे नावे बदलत गेली. परंतु कोकणाने दंडवत्यांना १९८९ पर्यंत पाच वेळा निवडून दिले. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्याच वेळी. कोकण रेल्वेचा त्यांनी धरलेला ध्यास १९९८ साली पूर्ण झाला.

दोष झाकण्याचे कारण नाही. फुटणे आणि पुन्हा जुळणे यांतच या मंडळींची पुष्कळ शक्ती खर्ची पडली. १९९१ साली दंडवते पराभूत झाले; २००९ पासून राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघही उरला नाही.

आम्ही प्रथम मतदान केले ते १९८४ साली. दंडवत्यांची जात कोणती, हे त्या वेळी आमच्या घरात कोणी विचारल्याचे स्मरत नाही. ज्ञातीने विद्यार्थ्यांस वसतिगृह द्यावे, निराधारांस हात द्यावा. ते तिचे कर्तव्यच होय. मत मात्र ज्याचे त्याने माणूस पारखूनच द्यावे, एवढीच तरुण बांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे.