कोणता गोऱ्हा वळू ठेवायचा?

शिर्डीजवळच्या लोणीच्या बाजारात गाय पाहायला आलेला शेतकरी आधी तिच्या मागे जाऊन वाकतो. कास किती रुंद, चारही सड सारखे आहेत का, पोटाखालची दुधाची शीर बोटाला किती जाड लागते, हे तो तपासतो. मग दात बघतो आणि कितवं वेत ते विचारतो. वशिंडाचा विषयच निघत नाही, कारण इथल्या बहुतेक संकरित गायींना ते नावापुरतंच असतं.

शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात नजर आधी वशिंडावर आणि खांद्यावर जायची. गाय पाळायची ती तिच्या पोटी बैल यावा म्हणून; दूध घरात पोरांपुरतं निघालं तरी चालायचं. गोऱ्हे वयात आले की बहुतेकांना बडवून बैल करत. जो न बडवता राखला, तो वळू. म्हणजे पुढच्या पिढीचा सगळा निर्णय या एका क्षणी व्हायचा, आणि बऱ्याचदा तो चुकायचा. उत्तम गोऱ्ह्याला जोडीचा बैल म्हणून दाम मिळे, म्हणून तोच आधी बडवला जाई. गावातल्या गायी फळायच्या त्या उरलेल्यासुरलेल्या मोकाट नरांकडून, किंवा देवाला सोडलेल्या वळूकडून. अंगावरचा भोवरा अशुभ जागी दिसला म्हणून चांगलं जनावर नाकारलं जाई, ते वेगळंच. मुंबई सरकारने 1933 साली पशुधन सुधारणा कायदा करून वळू ठेवायला परवाना लावला आणि नालायक नर खच्ची करण्याचे अधिकार घेतले, ते या गोंधळामुळे. वळू निवडणं ही त्या एका घरापुरती बाब नाही, हे त्या कायद्याने ओळखलं होतं.

बैलासाठी नव्हे तर मांसासाठी निवड करण्याची रीत इंग्लंडमधली. लेस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेलने अठराव्या शतकात जवळच्या नात्यातल्या जनावरांची आपसांत पैदास करून लवकर भरणारी, अंगाने मांसल गुरं घडवली. 1822 साली शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ छापून निघाली. आपल्याकडे ही दिशा कुणी धरली नाही. पण आपली गुरं तिकडे गेली आणि तिथे त्यांचा वापर पालटला. आंध्रच्या ओंगोल बैलांचा वंश ब्राझीलमध्ये नेलोर या नावाने वाढला आणि आज तिथल्या गोमांसाचा तोच मुख्य आधार आहे. ऊन आणि गोचीड सोसणारी कातडी हवी होती, म्हणून तिथल्या पशुपालकांनी वशिंडाचं जनावर निवडलं.

इकडे राहाता-कोपरगावकडे निवडीचा निकष बदलला तो पाण्याने. दारणा धरण 1916 साली झालं, भंडारदरा 1926 साली. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला, उसाबरोबर वाढं आलं, पुढे घास आणि मका. दावणीला बांधून पोटभर चारता येईल अशी गाय आता परवडणार होती. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 साली बाएफ ही संस्था काढली आणि गोठवलेल्या रेताच्या कांड्या शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचवल्या. इथे वळू गावातून गेलाच. त्याच्या जागी नायट्रोजनची टाकी आणि मोटारसायकलवरचा डॉक्टर आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ घडवली: निम्मं रक्त होल्स्टीनचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं. या तिन्हींत नगर जिल्ह्याचं एकही नाही. गीरसुद्धा काठेवाडची.

या गायीने घरं उभी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दर दहा दिवसांनी हातात येणाऱ्या दुधाच्या पगारावर पोरींची शिक्षणं झाली. पण निवड आता डेअरीच्या दरपत्रकातून होऊ लागली. साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ बसलं की गाय चांगली. खूर, पाय, ऊन सोसण्याची ताकद यांना त्या तक्त्यात रकाना नाही. गोऱ्ह्याला तर किंमतच उरली नाही. ट्रॅक्टरने त्याचं काम घेतलं, आणि राज्याच्या 1976च्या कायद्यातली गायींपुरती असलेली कत्तलबंदी 2015च्या दुरुस्तीने बैल-वळूंनाही लागू झाल्यावर विकण्याची वाटही बंद झाली. म्हणून कालवडच व्हावी अशी लिंगनिश्चित रेताची कांडी मागितली जाते. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमला पंतप्रधानांनी देशी बनावटीचं हे तंत्र आणि ‘गौचिप’ ही जनुकीय चाचणी एकाच कार्यक्रमात पुढे आणली. आता वासराच्या थोड्या रक्तावरून किंवा केसांवरून त्याची प्रतवारी लावता येईल.

प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात, निवड अजून पाऊस करतो. घाटघर-रतनवाडीच्या भातखाचरांत चार महिने गुडघाभर चिखल. तिथे महादेव कोळी, ठाकर आणि कानडी लोकांनी डांगी जनावर राखलं आहे. त्याच्या पाठीवर हात फिरवला की बोटांना तेलकटपणा लागतो. पावसाचं पाणी त्या कातडीवर ठरत नाही. खूर काळे, टणक, चिखलात न कुजणारे. दूध मात्र थोडं. राजूरच्या प्रदर्शनात पारा, बहाळा अशा रंगांचे वळू आजही उभे राहतात आणि जुनी माणसं आधी खुराकडेच पाहतात.

गौचिपबद्दल मला आशा आहे, आणि काळजीही आहे. चिप जनुकं वाचते, पण कोणतं जनुक चांगलं हे ठरतं माणसांनी गोठ्यात बसून केलेल्या नोंदींवरून. दुधाच्या नोंदी आपण ठेवल्या. खुराची, कातडीची, चिखलातल्या चालीची वही कुणी घातली? ज्याची नोंद नाही, त्या गुणाला चिपकडून गुण मिळणार नाहीत, आणि डांगी वळू कमी दुधाचा म्हणून तळाशी जाईल. राजूरला बक्षिसाचा फेटा बांधण्याआधी प्रत्येक वळूच्या खुराचं, कातडीचं मोजमाप पशुसंवर्धन खात्याने आणि राहुरीच्या विद्यापीठाने लिहून घ्यावं. त्याच्या कालवडी कोणाच्या दावणीला गेल्या आणि दोन पावसाळ्यांनंतर कशा आहेत, हेही त्याच वहीत उतरवावं.