साचा शिकवला कोणी?

मुंबईच्या कापड गिरण्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. संप, पुढारी, चाळी, भजनी मंडळे, लाल बावटा आणि शेवटी १९८२ सालची वाताहत, या सगळ्यांची नोंद झाली आहे. त्या मानाने एका साध्या प्रश्नाकडे आपले लक्ष कमी गेले. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या, यंत्र कधी न पाहिलेल्या माणसाला साचा चालवायला शिकवले कोणी? आणि त्या शिकवणीचे पैसे कोणाच्या खिशातून गेले?

आज मोठ्या कंपन्यांत कामगार घडवणे आणि टिकवणे यासाठी स्वतंत्र खाते असते. प्रशिक्षणाचे वर्ग भरतात, नव्या माणसाला मार्गदर्शक नेमून दिला जातो, मोबाइलवर धडे येतात. हे सारे नवे वाटले तरी त्यामागचा प्रश्न मुंबईच्या पहिल्या गिरणीइतका जुना आहे. मी काही विद्यापीठातला अभ्यासक नव्हे. नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षे चौकशी समित्यांचे अहवाल वाचतो आणि निवृत्त गिरणी कामगारांशी बोलतो. वडील साळखात्यात होते, म्हणजे मागावर. त्यामुळे या विषयाची भाषा घरातूनच मिळाली. या वाचनातून आणि बोलण्यातून माझ्या हाती आलेले उत्तर असे, की मुंबईच्या गिरणीने साध्या कामगाराच्या शिक्षणाचा भार जवळजवळ उचललाच नाही. तो कामगाराने स्वतः उचलला. पुढच्या बऱ्याच गोष्टी यातून घडत गेल्या.

जॉबरची शाळा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. यंत्रे इंग्लंडहून आली, ती बसवणारे आणि चालवून दाखवणारे जाणकारही लँकेशायरहून आले. या साहेबाला मराठी येत नसे आणि कामगाराला इंग्रजी येत नसे. मधल्या जागेत उभा राहिला तो जॉबर.

जॉबर म्हणजे नुसता मुकादम नव्हे. माणसे तोच आणी, तोच कामाला लावी, रजा तोच देई, दंडाची शिफारस आणि यंत्राची किरकोळ दुरुस्तीही तोच करी. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. नव्या माणसाला शिकवण्याची जबाबदारीही अशीच, न बोलता, त्याच्याकडे आली. पण जॉबर प्रत्यक्ष शिकवी थोडे. तो नव्या माणसाला जुन्या कामगाराजवळ उभा करी, आणि हा जुना कामगार बहुधा त्या नवख्याचा भाऊबंद किंवा गाववाला असे.

वडिलांना काम त्यांच्या मामांनी शिकवले. तुटलेला धागा हाताला कळला पाहिजे, डोळ्याला नंतर, हा मामांचा पहिला धडा. साच्याचा आवाज बदलला की काय बिघडले ते ओळखायचे, हा दुसरा. शिकण्याच्या काळात पगार नव्हता; जेवण मामांच्या खाणावळीत, झोपणे मामांच्या खोलीत. मी ज्या साचेवाल्यांशी बोललो त्यांतल्या बहुतेकांची हकिगत थोड्याफार फरकाने हीच आहे. म्हणजे शिकाऊ माणसाचे विद्यावेतन त्याच्या नातेवाइकाच्या पगारातून जात होते. गिरणीच्या हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

शिवाय दस्तुरी होती. कामावर लावून घेण्यासाठी आणि लागलेले काम टिकवण्यासाठी जॉबरला पैसे द्यावे लागत. शाही श्रम आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालात या लाचखोरीची चर्चा आहे. चुकांची किंमतही कामगारच मोजी. साचेवाल्याच्या हातून कापड खराब निघाले तर ते त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापायची, ही पद्धत मुंबईत दीर्घकाळ होती. नवख्याच्या हातून चुका जास्त होतात, हे सांगायला नको. शिकताना होणारे नुकसान कोणत्याही धंद्यात मालकाचा खर्च समजावे, हे उघड आहे. इथे ते शिकणाऱ्याच्या नावावर पडत होते.

वरच्यांसाठी शाळा

मुंबईच्या गिरणी मालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते, असे मात्र नाही. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज मराठी घरांत व्हीजेटीआय म्हणून ओळखली जाते ती हीच. गिरणी उद्योगातल्या धनिकांनी, विशेषतः सर दिनशा पेटिट यांनी तिला मोठे साहाय्य केले. तिथे यंत्रशास्त्र आणि कापडतंत्र शिकवले जाई आणि शिकून बाहेर पडणारा तरुण गिरणीत अधिकारी होई. लँकेशायरच्या साहेबांची जागा हळूहळू देशी माणसांनी घेतली, त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. पण तिचे दार इंग्रजी येणाऱ्यासाठी उघडत होते. साच्यावरचा माणूस त्या दारापर्यंत पोचत नव्हता.

त्याच्याजवळ जे थोडे पोचले ते मालकांच्या बाहेरच्या माणसांमुळे. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. दहा तास यंत्रापुढे उभे राहून आलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसतो, यावरून एवढे तरी दिसते की शिकण्याची इच्छा नसल्याचा जो आरोप कामगारावर होई, त्यात तथ्य नव्हते.

गेटावरची गर्दी

मग मालकांनी कामगाराला स्वतः का शिकवले नाही? माझ्या मते याचे उत्तर गिरणीच्या गेटावर होते. रोज पहाटे तिथे बदली कामगारांची गर्दी उभी असे. कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, की जॉबर त्या गर्दीतून माणूस उचले. एक गेला तर दुसरा तयार असेल, तर पहिल्याला टिकवण्यासाठी खर्च करायचा कशाला?

मालकांची तक्रार मात्र उलटी होती. कामगार टिकत नाही, शेतीच्या दिवसांत गावी पळतो, त्याला यंत्राची शिस्त नाही, असे चौकशी समित्यांपुढे पुन्हापुन्हा सांगितले गेले. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. मुंबईच्या गिरण्यांना मजुरांची खरी टंचाई कधी फारशी पडली नाही आणि बेशिस्तीचे मूळ कामगाराच्या स्वभावापेक्षा मालकांच्या धोरणात होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

याची दुसरी बाजू नागपुरात दिसते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. मुंबईसारखी तयार कामगारांची गर्दी तिथे नव्हती. गैरहजेरीने गिरणी हैराण होती. तिथे चांगल्या कामाला बक्षिसे आली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आला, पुढे अपघाताची भरपाई आली. जमशेटजींच्या उदारपणाबद्दल मला शंका नाही. पण उदारपणाला गरजेची जोड मिळाली, हेही लक्षात घेतले पाहिजे. जिथे माणूस सहज मिळत नव्हता, तिथे त्याला टिकवण्याची रीत आधी सापडली.

मुंबईत सुधारणा आली ती १९३० नंतर. १९३४ च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला, गिरण्यांनीही आपापले अधिकारी नेमले. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. बदलीला कार्ड मिळाले आणि जॉबरची मर्जी थोडी आवरली गेली. १९३६ मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तिच्यातून कामगार कल्याण अधिकारी तयार होऊ लागले. कामगाराला सांभाळणाऱ्यासाठीही शाळा झाली. कामगार मात्र अजून मामाच्या शेजारीच उभा होता.

धोट्याचा दोरा

शिक्षण नात्यागोत्यातून मिळते तेव्हा ज्याचे नाते नाही त्याचे काय होते, हा या विषयाचा सर्वांत कठीण भाग आहे. मागावरची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात बसवायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी रीत होती. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. तेवढ्यावरून सवर्ण साचेवाल्यांनी अस्पृश्य कामगारांना साळखात्यात येऊ दिले नाही. सूतकताईच्या खात्यांत ते मोठ्या संख्येने होते. तिथे मजुरी कमी होती. जास्त मिळकतीचे कसब त्यांना शिकूच दिले नाही.

१९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. संप सर्वांचा असेल तर साळखाते सर्वांचे का नाही, असा त्यामागचा रोखठोक मुद्दा होता. संपाच्या नेत्यांना तो अडचणीचा वाटला, कारण आडवे येणारे त्यांचेच सभासद होते.

आणि हे अटळ होते असेही नाही. तोंडाने दोरा ओढणे आरोग्याला घातक म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच कायद्याने बंद केले होते. हाताने दोरा ओवण्याचे धोटे जगात होते. एका साध्या अवजाराने रोग आणि विटाळ यांची सबब एकदमच गेली असती. पण शिकवण्याचा कारभार ज्यांच्यावर सोपवला होता त्यांना ती सबब सोयीची होती, आणि मालकांना त्यात पडण्याचे कारण दिसले नाही. शिकवणीचा भार ज्याने उचलला, दाराची किल्लीही त्याच्याकडेच राहिली.

कागद नसलेले कसब

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कारखान्यांत नवे कामगार झपाट्याने तयार करण्यासाठी एक पद्धत बसवली. शिकणाऱ्याची आधी तयारी करून घ्या, काम टप्प्याटप्प्याने दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. तो शिकला नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हे तिचे सूत्र. स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने ती भारतातही आली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठरावीक धंद्यांत उमेदवार घेणे आणि त्यांना विद्यावेतन देणे मालकांवर बंधनकारक केले. पण गिरणगावातला साचेवाला बहुतांशी जुन्याच वाटेने येत राहिला. बदली प्रथाही संपली नाही; बदलीला कायम करा, ही १९८२ च्या संपातलीही मागणी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र त्यात झाकली गेली. नोकरी गेलेल्या माणसाजवळ वीस-तीस वर्षांचे कसब होते, पण ते सांगणारा एकही कागद नव्हता. गिरणीने शिकवलेच नव्हते, तर तिने दाखला कशाचा द्यायचा? काही जण भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, जिथे ओळखीवर काम मिळे आणि पगार कमी होता. बाकीच्यांनी पहारेकऱ्याची काठी धरली, भाजीची गाडी लावली. साच्याचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे कान सोसायटीच्या गेटावर मोटारींचे भोंगे ऐकत बसले.

अनुभवातून आलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या २०१५ सालच्या कौशल्य विकास योजनेत आहे. गिरण्यांच्या पिढीला ती उशिराची ठरली, तरी तिची दिशा योग्य आहे.

आज मोबाइलवर धडे देणाऱ्या कंपन्यांकडे पाहताना मी हेच जुने प्रश्न विचारतो. धडा कामाच्या वेळात आहे, की घरी जाऊन, झोपेतून वेळ काढून पाहायचा आहे? शिकताना झालेली चूक कोणाच्या पगारातून कापली जाते? शिकवणारा कोणाला शेजारी उभा करतो आणि कोणाला नाही? कंत्राटावरच्या माणसाला तो धडा मिळतो का, की तो आजचा बदली आहे? आणि नोकरी सुटली तर शिकलेल्याचा दाखला त्याच्या हातात राहतो का? यांची उत्तरे नीट मिळत नसतील, तर तंत्र कितीही नवे असले तरी शिकवणीचा खर्च अजून मामाच्याच खाणावळीत लिहिला जातो आहे.