जमिनीखालची गळती आणि ठाकुर्लीची वीज

थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी तेल जाळतात. अंगणातील टाकीपासून भट्टीपर्यंत हे तेल पुष्कळदा जमिनीत पुरलेल्या बारीक नळीतून येते. नळीला टाचणीएवढे भोक पडले, तरी घरमालकाला ते दिसत नाही. टाकी लवकर रिकामी होऊ लागते, तळघरात वास येतो, अंगणातले गवत जळते, तेव्हा कुठे शंका येते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगत पसरते आणि शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंतही जाते.

ठाकुर्लीला घर तापवण्याची गरज नाही. पण जमिनीत पुरलेले नळ येथेही आहेत आणि तेही गळतात. लोखंड मातीत का कुजते, या प्रश्नाच्या इतिहासाशी ठाकुर्लीचा जवळचा संबंध आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची गाडी धावली. पुढे जी. आय. पी. रेल्वेने कल्याणच्या पलीकडे पुणे व इगतपुरीपर्यंत वीज नेण्याचे ठरवले. त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे वीजघर उभारले. ते १९२९ साली सुरू झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले. तेथे तयार होणारी वीज प्रत्यावर्ती असे. मार्गावरील उपकेंद्रांत तिचे १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करून ती वरच्या तारेत सोडत.

तारेतून इंजिनात आलेला प्रवाह उपकेंद्राकडे परत कसा जातो? रुळांतून. पण रूळ जमिनीपासून पूर्णपणे अलग नसतात. त्यामुळे थोडा प्रवाह मातीत उतरतो आणि जवळपास लोखंडी नळ असेल तर सोपी वाट म्हणून त्यात शिरतो. उपकेंद्राजवळ आला की तो नळ सोडून पुन्हा रुळांकडे जातो. प्रवाह जेथे नळात शिरतो तेथे नळाचे काही बिघडत नाही. जेथे तो बाहेर पडतो तेथे मात्र लोखंडाचे अणू आयन होऊन मातीत जातात. नळ विद्युत्-विलेपनातील धनाग्रासारखा झिजतो.

किती झिजतो, हे फॅरडेच्या १८३४ च्या नियमांवरून काढता येते. एक अँपिअर प्रवाह वर्षभर बाहेर पडत राहिला तर सुमारे ९ किलो लोखंड नाहीसे होते. शिवाय ही झीज सगळीकडे सारखी होत नाही. नळाचा लेप जेथे निघाला असेल, त्याच जागी ती एकवटते. मग भोक पडायला वेळ लागत नाही.

हा अनुभव सर्वप्रथम ट्रामच्या शहरांना आला. अमेरिकेत रिचमंड येथे १८८८ साली विजेची ट्राम यशस्वी झाली आणि इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. पुढच्या दशकातच बॉस्टनमध्ये टेलिफोनच्या तारांची शिशाची आवरणे आणि पाण्याचे नळ खाल्ले जाऊ लागले.

उपाय मात्र रोगापेक्षा जुना होता. १८२४ साली हंफ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. पण तांब्याचे विषारी क्षार सुटणे थांबल्याने पत्र्यावर शिंपले वाढू लागले आणि जहाजे मंदावली. त्यामुळे कल्पना मागे पडली. १९२८ मध्ये, म्हणजे चोळा वीजघर सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, न्यू ऑर्लीन्स येथे रॉबर्ट कून यांनी वायुवाहिनीला बाहेरून उलट प्रवाह देऊन तिला ऋणाग्र बनवले व तिची झीज थांबवली. आज लांब पल्ल्याच्या तेलवाहिन्यांचे रक्षण याच तत्त्वाने होते.

घरगुती नळीला एवढा सरंजाम कोण करणार? तेथे लक्ष ठेवणे हाच उपाय. रात्री तेलाच्या टाकीत काठी बुडवून खूण करावी, भट्टी बंद ठेवावी आणि सकाळी पुन्हा पाहावे. पातळी उतरली असेल तर टाकीजवळची झडप बंद करावी, ज्योत लावू नये, सांडलेले तेल पाण्याने धुऊ नये आणि जाणकाराला बोलवावे. जुन्या नळीला ठिगळ लावण्यापेक्षा नवी नळी जमिनीवरून किंवा बाह्यनळीतून नेणे चांगले. पाण्याचीही परीक्षा अशीच करता येते. पाणी चालू असताना सगळे नळ बंद करून मीटर पाहावा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते. ते गेले की नळातील दाब उतरतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते, त्याच भोकातून गटाराचे पाणी आत येऊ शकते. कावीळ व विषमज्वर अशा वाटेनेही घरात शिरतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मिठाच्या पाण्यात दोन स्वच्छ खिळे एकमेकांना न चिकटता उभे करावेत आणि दीड व्होल्टच्या घटाला जोडावेत. तासाभराने धनाग्राच्या खिळ्याभोवती हिरवट-तपकिरी गाळ दिसतो, दुसरा खिळा चकचकीत राहतो. नळ कोणता आणि रूळ कोणता, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरील एकदिश प्रवाह २०१६ पर्यंत जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. त्यामुळे या प्रकारची झीज उरली नाही. पण ओल, क्षार आणि हवा यांनी होणारे साधे गंजणे चालूच आहे. एखाद्या नळाला नेमके कशाने भोक पडले, हे तो उकरून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. मीटरचा काटा मात्र न उकरताही पाहता येतो.