उंबरठ्याहून उंच रस्ता

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना वाटेत चौल लागते. तिथल्या आमच्या घराचे अंगण माझ्या लहानपणी रस्त्याहून दोन पायऱ्या वर होते. आज रस्त्यावरून अंगणात उतरावे लागते. घर खचलेले नाही, रस्ताच वर आला आहे. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर पडत गेला आणि आषाढात रस्त्याचे पाणी ओटीपर्यंत येऊ लागले.

आपल्या देशात मोटारी वाढल्या तसे खडीचे रस्ते उखडू लागले. उपाय सुचवण्यासाठी १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. रस्ते वाढले. पण जुना रस्ता म्हणजे टाकाऊ माल, ही समजूत कायम राहिली.

ती समजूत हलली १९७३ च्या तेलसंकटाने. खनिज तेलाचे भाव चौपट झाले आणि डांबर तर त्याच तेलातून निघते. तेव्हा अमेरिका-युरोपातील अभियंत्यांनी जुन्या रस्त्याकडे कोठार म्हणून पाहिले. उन्हापावसाने डांबर कडक होऊन तडकते, खडी मात्र बहुधा शाबूत असते. दातेरी रूळ असलेले यंत्र जुना थर जागेवरच खरवडते, त्यात पाण्यात मिसळलेले किंवा फेसाळलेले डांबर आणि थोडे सिमेंट कालवते. मागून रोलर फिरतो आणि वर पातळ नवा थर बसतो. डांबराचा फेस करण्याची युक्ती आयोवा स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक चान्यी यांनी १९५६ मध्येच दाखवली होती. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने या पुनर्वापराची मार्गदर्शिका २०१५ मध्ये काढली.

ही काही जादू नव्हे. खालची माती पाण्याने भुसभुशीत झाली असेल, तर वरचा थर कितीही सुधारला तरी खचणारच. कोकणात आधी गटार हवे, मग डांबर. आणि काम पावसाळ्यापूर्वी उरकायला हवे.

पण खडी जागच्या जागी वापरली, तर रस्त्याची उंची फारशी वाढत नाही आणि नव्या खडीसाठी डोंगरही कमी फोडावे लागतात. आमच्या वाडवडिलांनी जुन्या घराचे चिरे कधी फेकले नाहीत. नव्या जोत्यात तेच बसवले. रस्त्याच्या बाबतीत हे शहाणपण आपण विसरलो आणि त्याची किंमत आमची ओटी दर पावसाळ्यात मोजते आहे.