डोक्यावरचं गोंदण

ठाण्याच्या कोलशेत रोडवरच्या सलूनमध्ये मशीन हातात घेतलं की कारागीर विचारतो, ‘मागे किती नंबर?’ बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलमधून मान वर न करता ‘दोन’ म्हणून मोकळी होतात. एखादा मात्र घाईने सांगतो, ‘मशीन नको, कात्रीच मार.’ त्याचे मागचे केस वर उचलले तर एका कानामागून निघून दुसऱ्या कानामागे गेलेली पांढरट रेघ दिसते. पुढचं टक्कल भरायला मागच्या कातडीची पट्टी काढली होती, तिचा हा व्रण. अशा रेघेवर, किंवा विरळ झालेल्या टाळूवर, सुईने बारीक काळे ठिपके भरतात आणि तिथे नुकतेच कापलेले केस असल्याचा भास उभा करतात. या कामाला क्लिनिकवाले ‘एसएमपी’ म्हणतात, म्हणजे स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन. नाव नवं आहे, पण कूळ बरंच जुनं.

व्रण काळा करून लपवायचा ही कल्पना सुश्रुतसंहितेत आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात जखमेवरचे साठ उपक्रम दिले आहेत आणि त्यांत एक ‘कृष्णकर्म’ आहे: जखम भरून आली पण जागा पांढरी राहिली, तर ती काळी करणे. कृतीही तपशिलात दिलेली आहे. बिब्बे आधी गोमूत्रात, मग दुधात भिजवायचे, फोडून लोखंडी मडक्यात भरायचे, ते मडकं जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्याला तोंडाला तोंड लावून बसवायचं आणि वर गोवऱ्या पेटवायच्या. खाली गळलेल्या तेलात जनावरांच्या खुरांची राख खलून तो लेप पांढऱ्या व्रणावर लावायचा. धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरायचे तोच हा बिब्बा. तो अंगावर उतला तर काय होतं हे ज्याला माहीत आहे, तो हा प्रयोग घरी करणार नाही. त्याच यादीत व्रणावर केस उगवण्याचा उपाय, ‘रोमसंजनन’ही आहे. ट्रान्सप्लांट आणि पिगमेंटेशन, दोन्ही इच्छा एकाच अध्यायात! उपाय किती चालले असतील याबद्दल मला शंका आहे. इच्छेबद्दल नाही.

मात्र सुश्रुताचा हा लेप वरवरचा. कातडीत सुईने रंग भरायची विद्या आपल्याकडे वैद्यांकडे नव्हती, गोंदणारणींकडे होती. जत्रेत नाहीतर दारात बसून, दिव्याची काजळी कालवून, दोनचार सुया एकत्र बांधून त्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर ठिपके टोचत. कोलशेतच्या आगरी-कोळी घरांतल्या जुन्या बायकांच्या हातांवर ते गोंदण पाहायला मिळायचं. काळ्या काजळीचं ते गोंदण वयाबरोबर हिरवट-निळं होत जातं. काजळी खोल गेली की वरच्या कातडीतून गाळून येणारा प्रकाश तिला निळसर दाखवतो. गोंदणात त्याची शोभा झाली. डोक्यावर हिरवे केस मात्र कुणालाच नको असतात, म्हणून एसएमपीची सगळी मारामारी सुई किती खोल जाते यावर आहे.

सुई वैद्यकात शिरली ती पाश्चात्त्य देशांत. विजेवर चालणारं गोंदणाचं यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये पेटंट केलं. त्याचा नमुना होता एडिसनचं कागदाला भोकं पाडणारं विजेचं पेन. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या चेहऱ्यांवर दुसरीकडची कातडी लावावी लागे आणि तिचा रंग चेहऱ्याशी जुळत नसे, तेव्हा अमेरिकी शल्यविशारदांनी तिच्यात सुईने रंग भरला. १९४४-४५ च्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकांत त्याचे लेख आहेत.

केसांच्या रोपणाची सुरुवातही अशीच व्रणांवरून झाली. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसकट कातडीच्या गोल चकत्या काढून भाजलेल्या, केस गेलेल्या जागी बसवल्याचं प्रसिद्ध केलं. युद्धामुळे ते काम बराच काळ जपानबाहेर पोचलंच नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२ मध्ये नेहमीच्या टकलावर तोच मार्ग वापरला, आणि मागचे केस पुढे लावले तरी ते मागच्याच गुणाने टिकतात हे १९५९ मध्ये मांडलं. सगळा धंदा या एका निरीक्षणावर उभा आहे. पण त्यांच्या चकत्या चार मिलिमीटरच्या. बाहुलीच्या डोक्यावर केसांचे झुबके रोवलेले असतात, तशी ती डोकी दिसत. मग मागची अख्खी पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली केसांची एकेक जुडी सुटी करण्याची पद्धत, एफयूटी, आली. पुढचे झुबके गेले, मागे रेघ आली. ती टाळायला एफयूई: एकेक जुडी बारीक पंचने उपटायची. विल्यम रासमन आणि रॉबर्ट बर्नस्टीन यांचा त्यावरचा लेख २००२ चा. यात रेघ नाही, पण उपटलेल्या प्रत्येक जागी एक बारीक पांढरा ठिपका राहतो, आणि हावरेपणाने काढलेला मागचा भाग कसर लागलेल्या कापडासारखा दिसतो.

म्हणजे प्रत्येक सुधारणेने आपली खूण मागे ठेवली. एसएमपी टकलावरचा उपाय म्हणून आज विकली जाते, पण मला ती केसरोपणाचीच लेक वाटते. २००१ मध्ये डॉ. ट्राक्विना यांनी डोक्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेला पूरक म्हणून मायक्रोपिगमेंटेशन मांडलं. सुमारे त्याच काळात बर्मिंगहॅममध्ये पूर्ण डोक्यावर ठिपके भरून देणारं क्लिनिक उभं राहिलं. आणि पुढे या ठिपक्यांचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या डॉक्टरांत पुन्हा तेच रासमन!

व्रणावर ठिपका धरवणं हे यातलं अवघड काम. चांगल्या कातडीत रंगाचे कण पेशी गिळून धरून ठेवतात. ती पेशी मेली की कण शेजारची उचलते, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवलं. व्रणाची कातडी मात्र एकसारखी नसते. कुठे ती कडक असते आणि रंग बसतच नाही, कुठे मऊ असते आणि ठिपका फुटून पसरतो. म्हणून जाणता कारागीर शस्त्रक्रियेनंतर सहा महिने ते वर्षभर थांबायला लावतो, पहिल्या बैठकीत मोजके, फिके ठिपके देतो आणि ते कसे बसतात ते पाहून पुढे जातो. व्रण फुगीर असेल तर रंगाने तो सपाट होत नाही; उजेड तिरपा पडला की उंचवटा दिसतोच.

कोलशेतला रंगाचं वावडं कधीच नव्हतं. सँडोझचा, पुढे क्लॅरियंट झालेला, रंग-रसायनांचा कारखाना याच गावच्या जमिनीवर होता. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यांत राहणाऱ्या, हप्ते फेडणाऱ्या तिशी-चाळिशीतल्यांना ठाण्याच्या क्लिनिकांच्या जाहिराती मोबाइलवर शोधत येतात. केसरोपणाबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावलं की यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून हे शिकता येत नाही. ठिपके भरणारा मात्र डॉक्टरही असतो, टॅटूवालाही असतो, आणि भुवया रंगवणारी ब्यूटिशियनही. त्याने पूर्वी भरलेलं एखादं डोकं, तेही दोनतीन वर्षं जुनं, प्रत्यक्ष उजेडात पाहायला मागावं; ताज्या कामाच्या फोटोंत सगळेच ठिपके काळे असतात.

शिवाय एक हिशेब क्लिनिकमध्ये क्वचितच मांडला जातो. ठिपके पिकत नाहीत. पन्नाशीत बाजूचे केस पांढरे झाले की मधला काळा भाग चुगली करतो. मग एकतर बाजूला कलप लावत राहायचा, नाहीतर डोकं दर दोनतीन दिवसांनी गुळगुळीत करायचं, नाहीतर लेसरने ठिपके फिके करून घ्यायचे. त्याचं बिल वेगळं.