परतीची वायर

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला गर्दी जमते. पालख्या येतात तेव्हा सगळ्यांचे मोबाईल वर जातात, आणि छत्रपती घराण्याची मेबॅक येते तेव्हा पुन्हा एकदा जातात. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली ही जर्मन गाडी. फोटोत सगळ्यात आधी दिसतात ते तिचे पुढचे दोन मोठे दिवे. पण दिव्यांच्या इतिहासातली खरी गंमत काचेच्या पुढे नसते. वीज दिव्यापर्यंत जाते हे सगळ्यांना माहीत असतं. ती परत कुठून येते, हा प्रश्न दिवा बंद पडेपर्यंत कुणी विचारत नाही.

त्याआधी, वीज नव्हती तेव्हाचं थोडं. पहिल्या मोटारींना कार्बाईडचे दिवे असत. पितळी डब्यात खाली कार्बाईडचे खडे, वर पाणी. पाणी थेंबाथेंबाने खड्यांवर पडलं की ऍसिटिलीन वायू तयार होई आणि तो बारीक छिद्रातून येऊन जळे. मागचा लाल दिवा बहुतेक वेळा रॉकेलचा, म्हणजे साधी वातच. या दिव्यांचे आजार डोळ्यांना दिसत. छिद्र तुंबलं तर तारेने मोकळं करा, पाणी अडलं तर चावी फिरवा, वारा लागला तर काडी ओढा. बिघाड शोधायला वेगळा माणूस लागत नसे.

मग १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि १९१३ मध्ये जर्मनीत बॉशने डायनामोसह दिव्यांचा पूर्ण संच बाजारात आणला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कार्बाईड हटलं. उजेड वाढला, धूर गेला. पण बिघाड अदृश्य झाला. तार वरून ठणठणीत दिसते आणि दिवा लागत नाही, अशी परिस्थिती पहिल्यांदाच आली आणि तिच्यातून मिस्त्रींची एक नवी जात जन्माला आली: गाडीचा वायरमन.

त्या काळातल्या एका निर्णयाचे परिणाम आपण आजही भोगतो. घरातल्या बल्बला दोन वायरी लागतात, एक जायची आणि एक यायची. गाडी बनवणाऱ्यांनी विचार केला की अख्खी गाडी लोखंडाचीच आहे, तर परतीची वायर कशाला? बॅटरीचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलं, दिव्याचं एक टोकही जवळच्या पत्र्याला जोडलं, झालं. तांबं वाचलं, वजन वाचलं, जोडकाम जवळपास निम्मं झालं. याला ‘अर्थ’ म्हणायचं. रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी तसा काही संबंध नाही. हा शब्द तारायंत्राच्या जमान्यातून आला, तिथे परतीच्या वायरीचं काम खरोखर जमीन करत असे. (गॅरेजमध्ये ‘ह्याचा अर्थच लागंना’ हे वाक्य ऐकलंत तर बोलणारा तत्त्वज्ञ नसून वायरमन आहे असं समजा.)

बॅटरीचं कोणतं टोक सांगाड्याला जोडायचं यावरही एकमत नव्हतं. अनेक ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत पॉझिटिव्ह टोक पत्र्याला असे, जर्मन गाड्यांत सहसा निगेटिव्ह. आपल्याकडे ब्रिटिश मॉरिस, युद्धानंतर विकल्या गेलेल्या लष्करी जीप आणि इटालियन फियाट एकाच गॅरेजात येत. काही गाड्या सहा व्होल्टच्या, काही बारा. त्या वायरमनला दर गाडीला आधी तिची ‘बाजू’ ओळखावी लागे. ब्रिटिश गाड्यांचं विजेचं सामान पुरवणाऱ्या लुकासला तिकडचे लोक चेष्टेने ‘अंधाराचा राजकुमार’ म्हणत. ते थोडं अन्यायाचं आहे. दोष नुसत्या सामानाचा नव्हता. पत्र्यावर भरवसा ठेवण्याच्या मूळ कल्पनेतच तो होता, कारण पत्रा गंजतो.

आणि गंजायला कोल्हापूरसारखी जागा नाही. गगनबावडा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला, शहरात किती तरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पूर ओसरल्यावर गाडी धुतली, इंजिन चालू झालं की मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. पण पाणी होल्डरमध्ये, कनेक्टरमध्ये, अर्थिंगच्या बोल्टखाली शिरलेलं असतं. हिरवट-पांढरा थर तिथे सावकाश साठतो आणि काही महिन्यांनी एक दिवस ब्रेक दाबला की भलतंच काही तरी होतं.

हे भलतंच म्हणजे काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मागच्या दिव्यात बऱ्याचदा एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: पाच वॅटचं टेल लाइटचं आणि एकवीस वॅटचं ब्रेकचं. दोघांची परतीची वाट एकच, होल्डरमधून पत्र्याकडे. ती गंजून बंद झाली की ब्रेकची वीज अडकत नाही, ती दुसरी वाट शोधते. टेलच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, टेलच्या वायरीने मागून पुढे येते आणि डॅशबोर्डच्या बल्बमधून किंवा पुढच्या पार्किंग लाइटमधून तिथल्या चांगल्या पत्र्याला जाऊन मिळते. म्हणजे दिवसा, सगळे दिवे बंद असताना, ब्रेक दाबला की मीटर मंद उजळतो. ब्रेकबरोबर इंडिकेटर मिणमिणणं, इंडिकेटरबरोबर टेल लाइट लुकलुकणं, ही सगळी याच घराण्यातली भुतं. नवखा माणूस बल्ब बदलतो, मग फ्यूज, मग स्विच. मुरलेला वायरमन बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणतो आणि होल्डरच्या पत्र्याला टेकवतो. दिवा लख्ख झाला तर निदान झालं. पुढचं काम पॉलिश पेपर आणि एका पान्याचं.

त्याचं दुसरं हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प: एक बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोचणी. डिजिटल मीटर स्वस्त झाल्यावरही हा टिकला, आणि माझ्या मते रास्त कारणाने. वायरीचा एकच केस शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. बल्ब ओढतो, त्यामुळे कमजोर जोड लगेच उघडा पडतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तरी साध्या बल्बचा उजेड साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतो, हे डोळ्याला कळतं. नव्या गाड्यांत मात्र हा टेस्ट लॅम्प जपून वापरावा लागतो. तिथे दिवे कंप्युटरच्या हुकमाने लागतात, आणि कुठेही टोचलेला बल्ब नाजूक सर्किटला झेपेलच असं नाही. त्या गाड्यांना स्कॅनर लावतात. स्कॅनरही शेवटी बऱ्याचदा ‘अर्थ तपासा’ इथेच आणून सोडतो.

कारचं ठीक आहे. मालक गॅरेजला जातो, दोन तास जातात, काम होतं. खरा प्रश्न हिवाळ्यात रस्त्यावर येतो. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नाही, तिची सगळी वीज ट्रॅक्टरकडून येते. सात पिनांच्या सॉकेटात एक पिन फक्त अर्थिंगसाठी असते, पण जिथे सॉकेट तुटलेलं आहे किंवा नुसत्या वायरी पिळून जोडल्या आहेत, तिथे परतीचं काम हुक आणि खिळीवर येऊन पडतं. त्या खिळीला ग्रीस, चिखल, गंज. खड्ड्यात ट्रॉली उसळली की क्षणभर टेकते, दिवा लागतो, पुन्हा जातो. मागच्या ट्रॉलीसाठी असे दोन हुक ओलांडायचे. शिवाय बाहेर आलेल्या उसाने दिवा झाकला जातो, गव्हाणीशी मागे घेताना काच फुटते.

कायद्यात मागचा लाल दिवा दूरवरून दिसला पाहिजे असं आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी कार ७५ मीटर साडेतीन सेकंदांच्या आत संपवते. तो दिवा नसेल तर तेवढेही सेकंद उरत नाहीत. समोरून येणाऱ्याच्या हेडलाइटने डोळे दिपलेले असताना काळपट उसाची भिंत अगदी पुढ्यात आल्यावरच दिसते. हंगामात अशा धडकांच्या बातम्या येतात, मरणारे बहुतेक मोटरसायलवाले किंवा कारमधले असतात, आणि बातमीत कारण एका शब्दात लिहिलेलं असतं: अंधार.

म्हणून हंगामाच्या तोंडावर आरटीओ आणि कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. रिफ्लेक्टर चांगलाच. त्याला फ्यूज नाही, बल्ब नाही, अर्थ नाही. पण मागून येणाऱ्याचा हेडलाइट त्याच्यावर पडला तरच तो चमकतो, आणि आठवड्याभरात त्याच्यावर चिखलाचा थर बसतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत वेगळी परतीची वायर ओढली, दोन्ही टोकं घासून बोल्टने आवळली आणि वर ग्रीस फासलं, तर खिळीवर अवलंबून राहायचं कारण उरत नाही. १९१० च्या आसपास तांबं वाचवायला जी वायर काढून टाकली तीच ही. लागते दहा-बारा मीटर.