पेलाग्रा : रोगाचे नाव आणि रोगाचा प्रदेश

प्रदेश आणि वर्ग यांच्या सीमा पेलाग्राइतक्या ठळकपणे दाखविणारे रोग युरोपच्या इतिहासात थोडेच आढळतात. स्पेनमधील अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये या रोगाची लक्षणे नोंदविली. त्याचा ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. हातांवर व गळ्याभोवती उठणाऱ्या तांबड्या चट्ट्यांवरून तेथील शेतकरी त्यास 'गुलाबाचा रोग' म्हणत. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोल्लीने लोंबार्दीच्या खेड्यांत रूढ असलेले 'पेल्ले आग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव ग्रंथात आणले. वेनेतो भागातील एका वैद्याने मात्र त्याला 'आल्प्सचा स्कर्व्ही' ठरविले. खेडुतांची नावे डोळ्यांना दिसणारी कातडी सांगतात. वैद्यांची नावे बहुधा तर्क सांगतात, आणि ते तर्क बरेचदा चुकीचे ठरले.

अमेरिकेतून आलेला मका जेथे शेतमजुरांचे जवळजवळ एकमेव अन्न बनला, तेथेच हा रोग पसरला : अस्तुरियास, नैऋत्य फ्रान्स, पो नदीचे खोरे, पुढे रुमानिया. (मक्याला इटालियनमध्ये 'तुर्की धान्य' म्हणतात, येथे 'तुर्की' म्हणजे केवळ परदेशी.) पिकविलेला गहू जमीनदाराच्या खंडात किंवा बाजारात जाई आणि कुळाच्या ताटात मक्याची घट्ट पेज, म्हणजे पोलेन्ता, उरे. त्याच प्रांतातील शहरी व सुस्थित लोक पोलेन्ता खात, पण सोबत दूध, मांस व चीजही असे. त्यांना हा रोग क्वचितच होई. १७८६ मध्ये इटलीस जाताना गटेनेही आल्प्सच्या दक्षिण उतारावरील लोकांच्या फिकट चेहऱ्यांचा संबंध अशाच पेजेशी जोडला होता. पलीकडचे जर्मन तेच पीठ लोण्यात तळून खातात, हा त्याने नोंदविलेला फरक विशेष मार्मिक होय.

१८८१ च्या गणनेत इटलीत एक लाखाहून अधिक रोगी आढळले. नासलेल्या मक्यातील विषामुळे रोग होतो, असे लोंब्रोसोचे मत होते. या मताची राजकीय सोय उघड आहे : दोष धान्याच्या कोठाराचा ठरला की खंडाचा व मजुरीचा प्रश्न उरत नाही. १९०२ च्या कायद्याने नासका मका विकण्यास बंदी घातली. त्याच कायद्यात रोग्यांना पौष्टिक जेवण देण्याचीही तरतूद होती, आणि खरा उपयोग तिचाच झाला असावा. अमेरिकेत गोल्डबर्गरने रोगाचे मूळ आहारात असल्याचे दाखविले, आणि १९३७ मध्ये एल्व्हेजेमने निकोटिनिक आम्ल हा कमी पडणारा घटक ओळखला.

मक्यातील हा घटक बद्ध स्वरूपात असल्याने शरीरास फारसा लाभत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत असल्यामुळे तो मोकळा होई, व मुख्यतः मक्यावर जगूनही त्यांच्यात हा रोग फारसा दिसला नाही. युरोपने धान्य नेले. ते रांधण्याची रीत समुद्रापलीकडेच राहिली.